‘किती वाढेल?’ हे विचारण्याआधी वही काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या प्रॉपर्टी पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं जे सदर येतं ते मी न चुकता वाचतो, कारण नोकरीतली ३१ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात लोकांचे हेच प्रश्न ऐकण्यात गेली आणि रिटायर झालो तरी कान तिकडेच असतात. गेल्या वेळी एका वाचकाने विचारलं होतं, गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतोय, चार वर्षांत दुप्पट होईल का? उत्तर छापलं होतं, लोकेशन चांगलं असेल तर नक्की होईल. बास, एवढंच. आणि त्याच्याच खाली अर्ध्या पानाची जाहिरात. जाहिरातीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पेपर चालवायला पैसे लागतात हे कळतं, पण उत्तर देणाऱ्याने निदान एक भागाकार तरी करायचा ना.

चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ १९ टक्के, तेही चक्रवाढ आणि सलग चार वर्षं. आमच्याकडे जुने लोक ७२ ची युक्ती वापरायचे, जितक्या वर्षांत दुप्पट म्हणतोय तितक्याने ७२ ला भागायचं, साधारण दर निघतो. चार वर्षं म्हटलं की १८, दहा वर्षं म्हटलं की ७.२. हीच युक्ती उलटी पण फार कामाची आहे. कुणीतरी छाती फुगवून सांगतं की आमच्या काकांनी घेतलेली जागा वीस वर्षांत चौपट झाली, आणि ऐकणारे सगळे आ वासून बघतात. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे दर दहा वर्षांनी एकदा, म्हणजे वर्षाला ७ टक्क्यांच्या थोडं वर. त्यातून महागाई काढा, टॅक्स काढा, डागडुजी काढा, मग काकांना विचारा. काका चिडतील, पण आकडा तोच राहील.

आता माझंच सांगतो, कारण दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस स्वतः काय करतो ते आधी बघावं. मीही एक फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला होता, ११ वर्षं ठेवला आणि विकला. पहिल्या दिवसापासून एक वही केली होती, त्यात येणारा जाणारा प्रत्येक पैसा लिहिला, सवयच तशी. आकडे इथे मी शंभराच्या हिशोबात देतो, म्हणजे घराची किंमत १०० धरायची, मग तुमचं घर कुठेही असो, केवढंही असो, हिशोब लागू पडतो.

किंमत १००. नोंदणी, स्टॅम्प ड्युटी, ब्रोकर, वकील आणि आत थोडं फर्निचर मिळून १०. एकूण ११०. बँकेचं कर्ज ८०, माझे खिशातले ३०. कर्ज वीस वर्षांचं, दर मधे वरखाली झाला पण सरासरी ९ टक्के धरा. हप्ता वर्षाला ८.६४ बसतो. भाडं सुरुवातीला वर्षाला ३ यायचं, पुढे वाढून ४ पर्यंत गेलं. ११ वर्षांनी विकला १८० ला. सगळे म्हणाले, वा, ऐंशी टक्के नफा! बायकोचा भाऊ तर दोन महिने सगळ्यांना हेच सांगत फिरत होता आणि मी पण त्याला थांबवलं नाही, बरं वाटायचं ऐकायला.

वही काय म्हणते ते बघा. १८० मधून विक्रीची दलाली आणि किरकोळ खर्च ४ गेले, राहिले १७६. कर्जाची बाकी अजून ५३ होती, ती बँकेने घेतली, हातात आले १२३. आता मी घातले किती? सुरुवातीचे ३०, हप्त्यांचे ११ वर्षांत ९५, एकूण १२५. भाड्याचे सगळा खर्च जाऊन निव्वळ मिळाले २४, म्हणजे खिशातून गेले १०१. १०१ घालून १२३ मिळवले, ११ वर्षांत २२. पैसे कधी कधी घातले त्या तारखा धरून वार्षिक दर काढला तर तीन टक्केसुद्धा धड भरत नाही, आणि हे नफ्यावरचा टॅक्स धरायच्या आधी. ज्या माणसाने ३१ वर्षं दुसऱ्यांच्या फायली तपासल्या त्याने स्वतःच्या फ्लॅटवर मिळवले तीन टक्के. बायकोच्या भावाला ही वही मी अजून दाखवलेली नाही.

कुणी म्हणेल ११ वर्षांत भाडं ३ आणि ४ च्या दराने तर ३५-४० मिळायला हवं होतं, २४ च कसे? इथेच तर सगळी गोम आहे. १३२ महिन्यांपैकी १५ महिने घर रिकामं होतं. त्यातले पाच महिने सलग, कारण गळती. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपायचं आणि आमच्या बेडरूमच्या छताला पिवळा डाग पडला, आधी ताटलीएवढा, मग परातीएवढा, मग रंगाचे पोपडे भाडेकरूच्या गादीवर. तो बिचारा दोन महिने थांबला, मग सोडून गेला, आणि जाणारच. मी वर गेलो तर वरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, पाणी आहे, खालीच जाणार. प्लंबर म्हणाला फरशी उकरावी लागेल, वरचे म्हणाले आमची फरशी आम्हाला प्रिय आहे, इमारतीची कमिटी म्हणाली हा तुमच्या दोघांतला मामला आहे. शेवटी फरशी उकरायचा निम्मा खर्च मीच दिला, वर माझ्या छताचं प्लॅस्टर आणि रंग. त्या दिवशी हिशोब लिहायला वही बरोबर नेली होती ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि नेमका तिथेच थेंब पडत होता. असो. ते पाच महिने भाडं शून्य पण हप्ता, मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स हे तिघंही तारखेला हजर. कुठल्याही ब्रोशरमध्ये हा महिना नसतो, तिथे वर्ष कायम बारा महिन्यांच्या भाड्याचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न ‘किती वाढेल’ हा नसावा. पहिला प्रश्न हा की विकेपर्यंत दर महिन्याला माझ्या खिशातून किती जाणार आणि तेवढं मी किती वर्षं सोसू शकतो. भाव वाढेल का ते कुणाच्याच हातात नाही, पण हा आकडा घर घ्यायच्या आधी, टेबलावर बसून, कागदावर काढता येतो. आणि गंमत अशी की हाच आकडा कुणी काढत नाही.

आता बाकीचे जे प्रश्न तुमच्या सदरात आणि माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं येत राहिले, त्यांच्याकडे या नजरेने बघू.

सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे भाड्यातून हप्ता निघेल ना? मी टेबलापलीकडच्या माणसाला विचारायचो, भाडं किती येईल? तो सांगायचा बारा महिन्यांचं. मग मी पेन काढायचो. वर्षाचं भाडं ३ धरा. एक महिना तरी रिकामा जाईल, पाव गेला. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, नळ, गीझर, रंग, नवा भाडेकरू आणायची दलाली, सगळं मिळून पाऊण ते एक जातंच. उरले दोनच्या आत. आणि ८० च्या कर्जाचा हप्ता ८.६४. म्हणजे भाड्यातून हप्त्याचा पाव हिस्साही निघत नाही, बाकीचा पगारातून. हे ऐकून काही लोक उठून जायचे आणि दुसऱ्या बँकेत जाऊन कर्ज काढायचे, मॅनेजर मला ओरडायचा. भाड्याचा उतारा, म्हणजे किमतीच्या मानाने मिळणारं भाडं, सगळीकडे सारखा नसतो हे खरं, काही ठिकाणी ३ च्या जागी ७-८ पण मिळतो, पण अशा ठिकाणी भाव फारसे वाढत नाहीत म्हणूनच तो उतारा मिळत असतो, आणि जिथे भाव पळतील अशी सगळ्यांना आशा असते तिथे भाडं किमतीच्या मानाने चिमूटभर. दोन्ही एकत्र मिळतंय असं कुणी सांगितलं तर आधी त्याचं कमिशन किती ते विचारा.

हप्त्यावरून आठवलं, वीस वर्षांच्या कर्जात निम्मी मुद्दल कधी फिटते असं मी प्रत्येकाला विचारायचो. उत्तर यायचं, दहा वर्षांत. ९ टक्क्यांना ती फिटते चौदाव्या वर्षाच्या शेवटी. पहिल्या महिन्यात १०० च्या कर्जावर हप्ता जातो ०.९०, त्यातले ०.७५ नुसतं व्याज, मुद्दलीत जमा १५ पैसे म्हणा हवं तर. वीस वर्षांत १०० चे एकूण २१६ भरले जातात. यात बँकेची लबाडी काही नाही, गणितच असंय, पण पाचव्या सहाव्या वर्षी विकायला निघालेला माणूस कर्जाच्या बाकीचा आकडा बघून आमच्यावर डोळे वटारायचा की मी इतके भरले ते गेले कुठे. म्हणून कमी काळासाठी घेणार असाल तर जवळपास सगळे हप्ते हे भाडंच समजा, फक्त ते बँकेला दिलेलं.

कर्ज घ्यावं की रोख, याचं उत्तर लोकांना एका ओळीत हवं असतं. कर्जाने नफा फुगतो हे खरंच आहे. स्वतःचे २०, कर्ज ८०, भाव १० टक्क्यांनी वाढला तर तुमच्या २० वर १० मिळाले, म्हणजे ५० टक्के, हे वाक्य प्रत्येक सेमिनारमध्ये फळ्यावर लिहितात. त्याच फळ्यावर उरलेलं अर्धं गणित लिहीत नाहीत. ८० वर व्याज वर्षाला ७ च्या वर गेलं, म्हणजे १० चे उरले तीन. आणि भाव २० टक्क्यांनी उतरला तर तुमचे २० पूर्ण साफ, घर कागदावर तुमचं पण त्यात तुमचं काहीच नाही, वर कर्ज जसंच्या तसं. अमेरिकेत २००६ नंतर लाखो लोकांचं हेच झालं, घराच्या किमतीपेक्षा कर्जाची बाकी जास्त. तिथल्या घरांच्या सरासरी भावाला २००६ ची पातळी परत गाठायला २०१६ उजाडलं, तीही महागाई न धरता. आयर्लंडमध्ये २००७ पासून पाच-सहा वर्षांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. नोकरी टिकली आणि हप्ता झेपला तर माणूस अशा काळातूनही तरून जातो, विकायची घाई नसेल तर उतरलेला भाव हा नुसता आकडा असतो. बुडतो तो ज्याला नेमकं तेव्हाच विकावं लागतं.

मग लगेच पुढचं येतं, जमीन काय नवीन तयार होते का, ती आहे तेवढीच राहणार आणि माणसं वाढणार, भाव उतरेलच कसा? हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कुणी ‘जमीन’ म्हणालं की पुढचं मीच पूर्ण करायचो. जागेची टंचाई म्हणायची तर जपानइतकं उदाहरण नाही, डोंगराळ बेटं आणि दाटीवाटीची शहरं. तिथे १९८० च्या दशकात लोक हेच बोलत होते. १९९१ ला भाव शिखरावर गेले आणि मग सहा मोठ्या शहरांतल्या जमिनीचे भाव जवळपास पंधरा वर्षं उतरतच राहिले, दुकानं आणि ऑफिसांच्या जमिनी तर चार पंचमांशापेक्षा जास्त घसरल्या. जमीन तेवढीच होती, बेटं काही रुंद झाली नव्हती. बदललं होतं ते कर्ज. स्वस्त कर्ज मिळत होतं तोवर प्रत्येक जण पुढच्याला जास्त भावात विकत होता, ते आटलं तसा पुढचा माणूसच उरला नाही. शिवाय जमीन वाढत नसली तरी वापरायची जागा वाढतेच की. नवा रस्ता होतो, रेल्वे जाते, दोन मजल्यांच्या जागी वीस मजल्यांची परवानगी मिळते, आणि कालचं गावाबाहेर आज शहरात येतं.

आणखी एक उदाहरण सांगतो, मला फार आवडतं. ॲम्स्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त म्हणून कालवा आहे, त्याच्या काठावरची घरं शेकडो वर्षं त्या शहरातली सगळ्यात भारी लोकेशन. पीट आइखहोल्ट्झ नावाच्या संशोधकाने तिथल्या १६२८ ते १९७३ या काळातल्या व्यवहारांच्या नोंदींवरून भावाचा निर्देशांक काढला. महागाई वजा केल्यावर जवळजवळ साडेतीनशे वर्षांत भाव झाला साधारण दुप्पट. वर्षाला टक्क्याचा पाचवा हिस्सा! मधे चढ आले, उतार आले, युद्धं आली, साथी आल्या, आणि शेवटी हे. पण घर बांधून ठेवणाऱ्यांचं नुकसान झालं असं नाही हं, ते त्यात राहिले किंवा त्यांनी भाडं खाल्लं, मिळकत ती होती. तुमच्या सदरातल्या लोकेशन तज्ज्ञांना हा कालवा कुणीतरी दाखवावा.

प्लॉट की फ्लॅट हा प्रश्न मात्र मला खरोखर चांगला वाटतो कारण त्यात निदान विचार आहे. इमारत म्हातारी होते, जमीन होत नाही. अमेरिकेच्या आयकर नियमांत भाड्याने दिलेल्या राहत्या घराच्या इमारतीवर साडेसत्तावीस वर्षं घसारा, म्हणजे जुनं होण्यापोटी किमतीतली वजावट, धरायला मुभा आहे, जमिनीवर घसारा शून्य, यातच काय ते आलं. १४ प्रगत देशांतल्या १८७० ते २०१२ पर्यंतच्या घरांच्या भावांचा एक अभ्यास झालाय, त्यातही हेच दिसलं की दुसऱ्या महायुद्धानंतर जी वाढ झाली तिचा साधारण ८० टक्के वाटा जमिनीचा, विटा-सिमेंटचा नाही. मग फ्लॅट घेताना विचारावं की या किमतीत मला जमिनीचा हिस्सा किती मिळतोय. उंच टॉवरमध्ये तो रुमालाएवढा असतो, बाकी सगळा घसारा आणि लिफ्ट. पण प्लॉटला भाडं नाही हेही तितकंच खरं, म्हणजे खिशातून जाणारा पैसा सगळा तुमचा, वर राखण. कुंपण घाला, गवत काढा, वर्षातून चार चकरा मारा, नाहीतर एक दिवस जाल तर शेजाऱ्याची भिंत चार फूट आत आलेली असेल आणि तोच तुम्हाला विचारेल, कोण पाहिजे?

कागदपत्रांचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, टोकन देऊन झाल्यावर. ‘रजिस्ट्रेशन होणार आहे, म्हणजे क्लिअर असणारच ना?’ नाही हो. अनेक देशांत सरकार फक्त दस्त नोंदवून घेतं, म्हणजे अमुकने तमुकला विकलं असा कागद झाला एवढंच, विकणाऱ्याकडे मालकी होती की नव्हती याची हमी ती नोंद देत नाही. ज्याच्याकडे जे नाही ते त्याला विकता येत नाही, मग कागदावर कितीही शिक्के असोत. याच्या उलट पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणली, तिथे सरकारी नोंदवहीतलं नाव म्हणजेच मालकी, आणि सरकार त्याच्या मागे उभं. तुमच्या जागेला कुठली पद्धत लागू आहे हे माहीत नसेल तर वकिलाचे पैसे वाचवू नका. मागच्या तीस वर्षांचे दस्त, वारस कोण कोण, गहाण आहे का, कोर्टात काही चालू आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, आणि वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून दिलेला नको. माझ्याकडे आलेल्या फायलींमध्ये एका घराला सात वारस होते आणि सह्या सहाच्या, सातवा परदेशात आहे, त्याला काही नको असं म्हणाले. कर्ज नामंजूर केलं. तो माणूस माझ्यावर फार रागावला होता.

बांधकाम चालू असलेलं घ्यावं की तयार, याबद्दल थोडक्यात. चालू बांधकामात स्वस्त मिळतं कारण उशिराची आणि अर्धवट राहण्याची रिस्क तुम्ही घेताय, ती काही बिल्डरने दिलेली भेट नाही. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असावेत, तारखांना नाही. आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतील, ताबा दोन वर्षं लांबला तर काय याचा आकडा आधीच वहीत लिहा.

आणि ते बिल्डरने कबूल केलेलं खात्रीचं भाडं! ‘ताबा मिळेपर्यंत दरवर्षी ५ टक्के आमच्याकडून.’ माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने असं दुकान घेतलं होतं. आजूबाजूला तशीच दुकानं १०० ला जात होती, याला ११५ ला दिलं, तीन वर्षं ५-५ दिले, झाले १५. म्हणजे स्वतःचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत, आणि तो मला पहिला चेक दाखवायला आला होता पेढे घेतल्यासारखा चेहरा करून. चौथ्या वर्षी खात्री संपली तेव्हा खरं भाडं किती मिळतं ते कळलं, ते मी इथे लिहीत नाही, तो हे पत्र वाचणार आहे.

विकायचं कधी आणि कितीला, हा प्रश्न मात्र सदरात कधी आलेला बघितला नाही, जणू लोक फक्त घेतातच. शेअर सकाळी विकला की एक-दोन दिवसांत पैसे, घराला महिने लागतात. आणि आपल्या डोक्यात एक आकडा बसलेला असतो. माझ्या फ्लॅटला पहिल्याच महिन्यात १८५ ची ऑफर आली होती. मी नाही म्हणालो, कारण खालच्या मजल्यावरचे २१० मागत होते. मागत होते, मिळालेले नव्हते, हा फरक मला, कर्ज विभागातल्या माणसाला, कळू नये! सात महिने घर दाखवण्यासाठी रिकामं ठेवलं, शेवटी १८० ला दिलं. ५ तिथे गेले, सात महिन्यांचं व्याज पावणेतीन गेलं, भाडं बुडालं दोनच्या वर, मेंटेनन्स वेगळा. खालच्यांचं अजून २१० चंच चाललंय असं ऐकतो. हे माझं एकट्याचं वेड नाही हे नंतर कळलं. १९९० च्या दशकात बॉस्टन शहरात विकायला निघालेल्या फ्लॅटचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मायर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, २००१ मध्ये तो छापून आला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भाव येत होता ते लोक तशाच दुसऱ्या फ्लॅटवाल्यांपेक्षा जास्त किंमत मागत होते आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. काहींना त्या हट्टाने थोडा जास्त भाव मिळालाही, ते पण खरं. पण घराला तुम्ही किती मोजले होते ते माहीत नसतं, आणि घेणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

मी घर घेऊ नका म्हणत नाहीये. राहायला घेणाऱ्याचा हिशोब वेगळा, तो रोज त्यात झोपतो, त्याचं भाडं वाचतं, उद्या मालक काढेल ही भीती नाही, त्याला माझी वही लावू नका. गुंतवणूक म्हणून हौस असेल आणि गळतीची कटकट नको असेल तर रीट हा प्रकार आहे, अमेरिकेत १९६० च्या कायद्याने सुरू झाला आणि नंतर बऱ्याच देशांत गेला, ऑफिसं-मॉल अशा मोठ्या मालमत्तांचे छोटे हिस्से बाजारात विकत घ्यायचे, तिथल्या नियमाप्रमाणे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावाच लागतो. त्याचा भाव रोज वरखाली दिसतो म्हणून लोक घाबरतात. फ्लॅटचा भावही होतच असतो वरखाली, फक्त तो रोज कुणी आपल्याला सांगत नाही म्हणून झोप लागते.

तर विनंती अशी आहे. सदरात प्रश्न पाठवणाऱ्याकडून आधी चार आकडे मागवा. सगळा खर्च धरून घर कितीला पडतंय, खर्च जाऊन वर्षाला निव्वळ भाडं किती, वर्षाचा हप्ता किती, आणि त्या भागात तसं घर विकायला सरासरी किती महिने लागतात. मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष नोंदलेला भाव हे दोन वेगळे रकाने छापा. ज्याला हे आकडे देता येत नाहीत त्याला उत्तर देऊ नका, त्याने अजून घर बघितलेलंच नाही, फक्त ब्रोशर बघितलंय. चार वर्षांत दुप्पट विचारणाऱ्या त्या वाचकाने टोकन दिलं नसेल तर त्यांना हे पत्र जरूर दाखवा.

नमुना म्हणून माझी वही हवी असेल तर कार्यालयात आणून देतो, सगळं तारीखवार आहे. फक्त सहाव्या वर्षाची दोन पानं त्या छताच्या पाण्याने एकमेकांना चिकटलीयत, ती जपून उघडायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त, कर्ज विभाग)